धाकटीचा वाघ

वाघ आमच्या जिल्ह्यातला, आणि पाहून गेली पुण्याची बाई. ती पुण्याची बाई म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, त्यामुळे मला जरा जास्तच लागलं.

तिचं ते पहिलं स्टेटस मी फुलचूरच्या घरी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाहिलं. शाळेत जायची घाई होती, एका हातात पोळी लाटायचं लाटणं होतं, आणि मोबाइलवर नागझिऱ्याच्या लाल मातीच्या रस्त्यावर वाघ उभा होता. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळा. खाली लिहिलेलं, ‘माहेरचा वाघ’. माहेर म्हणे! दोन वर्षांतून एकदा पाहुणी येणार, जंगलाजवळच्या रिसॉर्टवर उतरणार, जाता जाता माझ्याकडं चहा पिणार, आणि माहेर म्हणून वाघाचा फोटो लावणार. माझी पोळी करपली. मी ती करपलेली पोळी नवऱ्याच्या डब्यात घातली.

मी या जिल्ह्यातून कधी बाहेर गेलेच नाही. देवरीच्या पलीकडं, छत्तीसगडच्या अंगाला जंगलाला टेकून आमचं गाव आहे. तिथं जन्मले, देवरीला शिकले, लग्न होऊन फुलचूरला आले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले. वाघाचं सगळं मी पाहिलं होतं. पांदणीतले पंजे पाहिले होते, मारलेला गोऱ्हा पाहिला होता, झाडाच्या खोडावर त्यानं ओढलेल्या नखांचे ओरखडे पाहिले होते. फक्त वाघ पाहिला नव्हता. वर्गात पोरं विचारायची, ‘मॅडम, तुमी पाह्यला काय जी?’ मी म्हणायचे, ‘पुस्तक उघडा.’

आणि ही बारावीनंतर बाहेर पडलेली, पुण्यात नोकरी, पुण्यातच लग्न. ती आली की वाघ हजर. दुसऱ्यांदा आली, पुन्हा स्टेटस. मग एकदा तर बछड्यांसकट वाघीण. मला वाटायला लागलं, सगळे वाघ नागपूरच्या विमानतळाकडं कान लावून बसतात की काय. मी फोन करून म्हणायचे, ‘दिसला म्हणे गं तुला.’ ती म्हणायची, ‘हो ताई, आला होता,’ आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. मला वाटायचं, बघा, वाघ पाहिल्याचं हिला काही अप्रूपसुद्धा उरलं नाही. त्याचाही राग यायचा.

वाघावरून एवढं जळायचं काय कारण, असं आमचे हे विचारायचे. ‘टीव्हीवर दिसते तं रोज.’ त्यांना काय सांगणार? वाघ नंतरचा. त्याच्या आधी माय होती.

मायचं धाकटीवर जास्त होतं. हे मी कुणाच्या सांगण्यावरून म्हणत नाही, मी त्या घरात राहिलेली आहे. भाताच्या बुडाची खरपुडी दुधात कालवून कुणाला मिळायची, तर लहानीला. मोहफुलं वेचायला जाताना माझ्या हातात टोपली आणि ती मायच्या कडेवर. मोठी झाल्यावरही तेच. मी जवळ, हाकेच्या अंतरावर, दर रविवारी बसनं गावी जाऊन येणारी. आणि मायच्या तोंडी मात्र ‘माही लहानी, माही लहानी’. शेवटी मी तिला फुलचूरला घेऊन आले. तिचं अंग पुसलं, केस विंचरले, पेज चमच्यानं पाजली. ती दाराकडं तोंड करून पडायची आणि विचारायची, ‘लहानी आली काय?’ लहानी आली एका दुपारी, बॅग ओढत. माय उठून बसली. इतके दिवस मी उठवत होते तर उठत नव्हती, आणि आता तिनं चहा मागितला. मी तो चहा केला. साखर विसरले, मुद्दाम नाही, पण विसरले.

माय गेली त्याला आता आठ पावसाळे झाले. तिच्यामागं मी एक गोष्ट धरून ठेवली होती: मी राहिले. माय जशी बोलायची तसं मला अजून बोलता येतं, ती ज्या रानात जायची त्या रानाला लागून मी आयुष्य काढलं. मायची खरी लेक मीच. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज मनात म्हणायचे. आणि हिनं तेवढ्यावरही वाघ आणून उभा केला. मला तो वाघ पाहायचाच होता. एकदा, माझ्या डोळ्यांनी, आणि जमलं तर तिच्या शेजारी बसून.

म्हणून मार्चमध्ये तिचा फोन आला, ‘ताई, या वेळी तूपण चल, पूर्ण दिवसाची जिप्सी बुक केलीये,’ तेव्हा मी आधी शाळेचं कारण सांगितलं, मग परीक्षेच्या कामाचं, आणि तिनं फोन ठेवायच्या आत हो म्हटलं. रजेचा अर्ज लिहिताना मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, मला दिसू दे. तिला नाही दिसला तरी चालेल. तिला न दिसता मला दिसला तर सोन्याहून पिवळं.

उजाडायच्या सुमाराला आम्ही नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर पोचलो. धाकटीच्या अंगावर मातकट रंगाचे कपडे, डोक्यावर टोपी, पायात चांगले बूट. जवाईंच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, गळ्यात कॅमेरा, त्याची ती पुढची नळी माझ्या दंडापेक्षा जाड. आणि मी माझा चांगला, गुलाबी पंजाबी ड्रेस घालून. गाइड आमच्या जिप्सीजवळ आला, मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, हा कलर नाही चालत जी. जनावर दुरूनच बिचकते.’ मी काही बोलायच्या आत धाकटीनं तिची मातकट ओढणी काढून माझ्या अंगाभोवती गुंडाळली, पिनही लावून दिली. ‘आता बघ, छान दिसतेस.’ वाघ पाहायला निघाले तीही तिच्याच ओढणीत. मी पिन जरा सैल केली.

आमचा गाइड मोठा बोलघेवडा. प्रत्येक वळणावर त्याच्याकडं एक हुकलेला वाघ होता. ‘काल इथंच बसला होता, दोन तास! सब लोग खुश.’ पुढच्या पाणवठ्यावर, ‘अरेरे, आत्ताच उठून गेला. मातीच सांगून राहिली.’ माती काही सांगत नव्हती, ती आमच्याच टायरांनी उकरलेली होती. ड्रायव्हर हसू दाबत गाडी हाकत होता. मला त्या गाइडचा राग येत होता, कारण त्याचे सगळे वाघ काल येऊन गेले होते आणि मी आज आले होते.

हरणं दिसली, रानगव्यांचा कळप दिसला, झाडावरच्या वानरांनी आमच्याकडं पाठ केली. जवाई प्रत्येकाचा फोटो काढत होते. ‘ताई, रानगवा बघा, काय बॉडी आहे!’ मी म्हणाले, ‘हो, छान.’ गवा काय, आमच्या बांधावरही येऊन गेलेला आहे.

मग मोहाचा वास आला. धाकटी माझ्या आधी म्हणाली, ‘ताई, वास घे.’ मला तो तिच्याआधी आला होता, पण बोलली ती. मोहाच्या दिवसांत माय आम्हाला अंधुक उजेडात उठवायची आणि रानात न्यायची. रानात शिरण्याआधी ती एकदा वाकून मातीला हात लावायची आणि मग आत गेल्यावर वाघाचं नाव घ्यायची नाही, आम्हाला घेऊ द्यायची नाही. ‘तो’ एवढंच. आणि तिचा एक नियम होता. तो समोर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, आणि त्याच्याकडं पाहायचं नाही. हात जोडायचे, मान खाली घालायची, तो जाईपर्यंत वर करायची नाही. मी विचारलं होतं, काऊन? ती म्हणाली, ‘हे त्याचं घर होय. घरवाला आपल्या घरात फिरते. दुसऱ्याच्या घरात जाऊन घरवाल्याच्या तोंडाकडं टकटक पाह्यतेत काय?’ मायसमोरून तो बरेचदा गेला होता, असं ती सांगायची. कसा दिसतो विचारलं की म्हणायची, ‘मले काय मालूम? मी काय पाह्यलं?’ आयुष्यभर रानात गेलेली बाई, आणि तिनं एकही वाघ पाहिलेला नव्हता. आमच्याकडच्या जुन्या बाया सगळ्या अशाच.

त्या दिवशी गाडीत बसून मला माय आठवली आणि जरा हसूही आलं. इथं तर आम्ही घरवाल्याच्या तोंडाकडं पाहायलाच निघालो होतो, वर कॅमेरा घेऊन. गाइड दर मिनिटाला ‘टायगर, टायगर’ करत होता. मायनं ऐकलं असतं तर त्याच्या थोबाडीत दिली असती.

दुपारी विश्रांतीच्या जागी डबे खाल्ले. मी पुऱ्या आणि लसणाची चटणी नेली होती, जवाईंनी मनापासून खाल्ली, धाकटीनं मिटक्या मारत मायची आठवण काढली. ‘अगदी मायच्या हातची चव.’ माझ्या हातची म्हणाली असती तर काय बिघडलं असतं! उन्हानं डोळे जड झाले होते. मला वाटायला लागलं, माझ्यामुळेच दिसत नाहीये. ही एकटी आली की दिसतो, मी आले की नाही. त्या वाघालाही लहानीच आवडते.

दुपारनंतर पुन्हा निघालो. एका तळ्याच्या काठानं गाडी चालली होती आणि वरच्या झाडावरचं वानर खोकलं. पुन्हा खोकलं. ड्रायव्हरनं लगेच इंजिन बंद केलं. गाइड, दिवसभर बोलणारा तो माणूस, एकदम गप्प झाला, आणि मला कळलं की या वेळी खरं आहे.

बांबूच्या बेटातून तो बाहेर आला आणि रस्त्यावर आमच्यासमोर उभा राहिला.

माझे हात आपोआप जोडले गेले. मी ठरवलं नव्हतं. मानही खाली जायला लागली, मायचा हात मानेवर असावा तशी. हनुवटी छातीला टेकलीसुद्धा. आणि त्याच क्षणी मनात आलं, ती बघत असेल. शेजारी बसून ती डोळे भरून बघत असेल, जवाई फोटो काढत असतील, उद्या स्टेटस लागेल, आणि मी इतक्या वर्षांनी इथवर येऊन स्वतःच्या चपला बघत बसणार. नाही. अजिबात नाही. मी मान वर केली.

मी पाहिला. पोटापर्यंत ओला होता, पाण्यातून उठून आला असावा, थेंब मातीत पडत होते. फोटोत दिसतो तसा पिवळाजर्द नव्हता, वाळलेल्या गवतासारखा, जुना. दोन पावलं टाकली तेव्हा खांदे वर-खाली झाले. त्याचा डावा कान फाटल्यासारखा वाटला. त्यानं आमच्याकडं एकदा पाहिलं. रागानं नाही, भीतीनंही नाही, दारात आलेल्या कुणाकडं पाहावं आणि ओळखीचं नाही म्हणून सोडून द्यावं तसं. माझ्या अंगावर काटा आला. एवढा आनंद मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

आणि आनंद झाला म्हणूनच मी धाकटीकडं वळले. तिच्यासमोर पाहिल्याशिवाय त्या पाहण्यात मजा काय होती? मला तिला दाखवायचं होतं की बघ, मीही बघतेय.

ती बघत नव्हती. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले, मान इतकी खाली की मागचं हाड वर आलेलं. ओठ हलत होते. तिची ती मान मायची होती. केस वर बांधलेले असल्यामुळे ती स्पष्ट दिसत होती, आणि मी मायची मान इतके दिवस रोज पुसली होती, मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

वाघ अजून रस्त्यावर होता. तो हळूहळू पलीकडं गेला, गवतात शिरला, हे मला गाइडच्या सुस्काऱ्यावरून कळलं. मी तेव्हा माझ्या बहिणीकडं बघत होते.

‘मिळाला!’ जवाई ओरडले. ‘काय लाइट होता! ताई, तुम्ही लकी आहात.’ त्यांचा डोळा सगळा वेळ कॅमेऱ्याला लागलेला होता, त्यांनी आमच्या दोघींकडं पाहिलंही नव्हतं. गाइड पुढं तोंड करून उभा. म्हणजे मी मान वर केलेली कुणीच पाहिली नव्हती. जवाई मागं वळले, धाकटीकडं बघून हसले. ‘ही दर वेळी अशीच हां ताई. घाबरून डोळेच मिटते. एवढा खर्च करून यायचं आणि डोळे मिटायचे!’ धाकटीनं टोपी घातली.

दर वेळी. म्हणजे ते सगळे वाघ, ज्यांच्यावरून मी पोळ्या करपवल्या, तिनं पाहिलेच नव्हते.

परतताना गेटच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो. जवाई, गाइड आणि ड्रायव्हर जिप्सीपाशी कॅमेऱ्यात डोकं घालून उभे होते. आम्ही दोघी बाकावर बसलो. मी म्हटलं, ‘तुला भीती वाटते? तुला?’

ती पुण्याची भाषा सोडून बोलली. लग्न झाल्यापासून मी तिच्या तोंडून ही भाषा ऐकली नव्हती. ‘भेव कायचं व ताई? मायनं सांगतलं होतं ना, पाहाचं नाही म्हनून.’

‘मग ते स्टेटस?’

‘यायनंच टाकले,’ तिनं जवाईंकडं मान केली, ‘माह्या मोबाइलवरून. लिहिते बी हेच. मी तं फोटो उघडूनबी पाह्यत नाही.’

‘मग येतेस कायले इतक्या लांबून?’

‘हात जोडाले.’ ती सहज बोलली. ‘तो समोर आला, मान खाली गेली, का मले वाटते माय बाजूले उभी हाय. तिकडं पुन्यात कुठं वाटते तसं?’

मी चहाचा कप बाकावर ठेवला. मला वाटलं होतं ती वाघ घेऊन गेली. ती वाघाला हातही लावत नव्हती. ती येऊन मायला भेटून जात होती, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, दर खेपेला, आणि मी इथं राहून, मायची सगळी भांडी-लुगडी सांभाळून, एकदाही नाही. मायनं खरपुडी कुणाला दिली, चहा कुणाकडं मागितला, ते सगळं एकवेळ ठीक. पण हेही तिलाच? आणि वाघ समोर असताना मान वर केली ती मी. मायजवळ राहिलेली, मायची खरी लेक.

ती माझ्याकडं वळली. ‘ताई, तूनं नाही ना पाह्यलं?’

मी तिच्याकडं पाहिलं.

‘मले दिवसभर तेच भेव लागून राह्यलं होतं,’ ती म्हणाली. ‘तू पाहशील म्हनून. मंग मायवानी करनारी मी एकटीच उरली असती.’

वर्गातली पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली, आमचे हे आले, स्टाफरूम आली. सोमवारी सगळ्यांना सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची तेसुद्धा. पण ती एकटी उरते म्हणजे माय सगळी तिची उरते, आणि ते मला चालणार नव्हतं.

‘नाही व,’ मी म्हटलं. ‘मीबी मान खालीच घातली होती.’

तिनं माझा हात धरला. डोळे भरून आले होते तिचे. माझे आले नाहीत.

तेवढ्यात जवाई कॅमेरा घेऊन आमच्याकडं आले. ‘ताई, हा बघा. चेहरा इतका क्लिअर आलाय!’ त्यांनी स्क्रीन माझ्यापुढं धरली. धाकटीनं तोंड तिकडं वळवलं होतं, हात मात्र सोडला नव्हता. मला बघायचा होता तो फोटो. फार नाही, त्याचा डावा कान खरंच फाटलेला होता की मला तसं वाटलं, एवढंच बघायचं होतं.

‘राहू द्या जवाई,’ मी म्हटलं. ‘आम्ही दोघी नाही बघत.’